सभेची रीत आणि अबोल मुले

विषयपत्रिकेत विषय कसा घालावा, अध्यक्षांची परवानगी घेऊन कसे बोलावे आणि इतिवृत्तात आपले म्हणणे कसे नोंदवून घ्यावे, हे ज्याला येते त्याचे काम होते. बाकीचे घरी जाऊन चरफडतात. कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आम्हां मंडळींना हे निराळे सांगावयास नको. हीच नीरस विद्या १९६० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये, त्या काळी ज्यांना मतिमंद म्हणत अशा तरुणांना शिकविण्यात आली. मेंदूच्या घडणीतील वैविध्याविषयी, म्हणजे न्यूरोडायव्हर्सिटीविषयी, किशोरवयीन मुलांनीच लोकांना समजावून सांगावे म्हणून त्यांना तयार करण्याचे उपक्रम आज चालतात. त्यांचे एक मूळ आम्हांला तेथे दिसते.

बेंग्ट नीर्ये हे तेथील पालकसंघटनेचे एक प्रमुख कार्यकर्ते. हे तरुण आणि विद्यापीठातील विद्यार्थी यांची एकत्र मंडळे त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. मंडळ म्हटले की सभा आली, सभा म्हटली की मतदान आले. तेव्हा त्याचे रीतसर शिक्षण देणे ओघानेच प्राप्त झाले. मे १९७० मध्ये माल्मो येथे देशभरच्या जिल्ह्यांतून निवडून आलेले सुमारे ५० प्रतिनिधी जमले. त्यांच्या मागण्या वाचताना मन थबकते. आम्हांला गावातून मोठ्या घोळक्याने फिरवू नका. कोणते काम शिकावयाचे ते आम्हांला ठरवू द्या. राहण्याच्या जागेविषयी आम्हांलाही विचारा. हितचिंतकांनी त्यांच्यासाठी पुष्कळ केले होते, पण घोळक्याने फिरणाऱ्याला काय वाटते, हे त्यांपैकी कितीजणांना सुचले असेल?

१९७४ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात अशाच लोकांनी ‘पीपल फर्स्ट’ ही संघटना काढली. पुढे १९९० नंतरच्या दशकात स्वमग्न मंडळीही आपसांत पत्रव्यवहार करू लागली आणि त्या चर्चांतून ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द रूढ झाला. तो कोणा एकाच्याच नावावर घालणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी प्रॉव्हिडन्स शहरातील शाळकरी मुले हाताशी धरली. अक्षरांशी झगडणाऱ्या लहानांना, तसेच झगडून वर आलेले थोर विद्यार्थी चित्रे काढता काढता सोबत करीत. आपल्याला कोणती मदत हवी हे शिक्षकांना सांगता येणे, हे यातले खरे शिक्षण.

या विद्येची कसोटी डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कला लागली. तेथील विद्यापीठाच्या बालमानस केंद्राने जाहिराती लावल्या, त्या अपहरणकर्त्याच्या चिठ्ठ्यांच्या धाटणीच्या: तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, खाली सही स्वमग्नतेची! हेतू पालकांना जागे करण्याचा असेलही. पण रस्त्यावरून जाणाऱ्या स्वमग्न मुलाने ते वाचून काय समजावे? आरी नीमन या तरुणाने अठराव्या वर्षी, २००६ मध्ये, स्वमग्नांची संघटना स्थापन केली होती. तिने पत्रे लिहिली, सह्या जमविल्या, इतर अपंग संघटनांचा पाठिंबा मिळविला, आणि त्याच महिन्यात जाहिराती उतरल्या. याच संघटनेने २०१२ पासून स्वमग्न महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी शिक्षणवर्ग सुरू केला.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, आणि २०१६ च्या केंद्रीय कायद्याने स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांना स्पष्ट स्थान दिले. ही पावले मोठीच. तथापि बदलीच्या गावी नव्या शाळेत प्रमाणपत्र घेऊन जावे लागते तेव्हा काय घडते, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. मुख्याध्यापकांच्या खोलीत वडील बोलतात, आई बोलते, कागद बोलतो. परीक्षेत वेळ जादा हवा की लेखनिक हवा, याची चर्चा होते. चौदा वर्षांचा मुलगा मात्र बहुधा बाहेरच्या बाकावर बसलेला असतो.