सिद्धरामांची वचने
सोलापूरचे बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धराम (सिद्धेश्वर) यांच्या कन्नड सूत्ररूप उक्ती. म्हण अनामिक असते. वचनाच्या अखेरीस मात्र वक्त्याच्या इष्टदैवताची मुद्रा येते. सिद्धरामांची मुद्रा ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही होय. त्यामुळे उक्तीबरोबर आचरणाचे उत्तरदायित्वही वक्त्याकडे येते. सिद्धरामांनी सोन्नलिगे (सोलापूर) येथे तलाव व शिवालये बांधविली. पुढे अल्लमप्रभूंच्या उपदेशाने ते कल्याण येथे बसवेश्वरांच्या शरणमंडळात गेले, असे ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात वर्णिले आहे. बाह्य कर्माला आत्मज्ञानाची जोड हवी, हा त्यांच्या वचनांतील एक प्रमुख विचार होय. सोलापुरात तलाव व मंदिर सर्वपरिचित आहेत. वचने मात्र कन्नड न जाणणाऱ्या वाचकाला अनुवादाद्वारेच उमगतात.