लाचलुचपत आणि आपपरभाव : नगर जिल्ह्याच्या इतिहासातील काही प्रकरणे

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे, शिष्यवृत्ती मिळविलेल्या मुलामुलींची नावे आणि वर्षभराचा हिशेब यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र थोडा कडवट विषय घेतला आहे. लाच ही गोष्ट नवी नव्हे. तिच्या निषेधाचे लेखही पुष्कळ झाले. परंतु लाचेचा बोभाटा झाल्यावर लोकांनी कोणाची बाजू घेतली, कोण गप्प राहिले आणि का, याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. राहुरी तालुका ज्या जिल्ह्यात मोडतो त्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा या इतिहासाशी निकटचा संबंध आलेला आहे. आपल्या कुटुंबांतील तरुण वाचकांपुढे तो ठेवावा, एवढाच हेतू.

पेशवाईच्या दफ्तरांत ‘अंतस्थ’ असा एक शब्द आढळतो. सरकारात भरावयाच्या रकमेखेरीज कारभाऱ्यास गुप्तपणे पोचवावयाची जी रक्कम, ती अंतस्थ. अशाच खर्चाला ‘दरबारखर्च’ असे सभ्य नावही होते. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने देण्याची रीत बोकाळली; जो चढी बोली करी त्याला परगणा मिळे, आणि मग ती रक्कम त्याने कुळांकडून वसूल करावी हे ओघानेच आले. त्या राजवटीतील प्रबळ कारभारी त्रिंबकजी डेंगळे हे आपल्याच जिल्ह्यातील, संगमनेरकडील निमगाव जाळीचे. त्यांच्याविषयी इंग्रज लेखकांनी एक लिहिले आणि इंग्रजी राज्याचा तिटकारा असणाऱ्यांनी दुसरेच लिहिले. मक्त्याखाली भरडल्या गेलेल्या कुळाची बाजू दोन्हीकडे पुसटच राहिली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील प्रकरणातही तेच घडलेले दिसते.

ते प्रकरण म्हणजे इ. स. १८८८ चे क्रॉफर्ड प्रकरण. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबई शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. कर्तबगार, हौशी, खर्चिक आणि म्हणूनच कायम कर्जात बुडालेला. पुढे तो मध्य भागाचा कमिशनर होऊन पुण्यास आला. या मध्य भागात पुणे, सातारा, सोलापूर, नाशिक व खानदेश यांच्या जोडीने नगर जिल्हाही होता. राहुरीच्या मामलेदाराचा वरिष्ठ नगरचा कलेक्टर, आणि त्या कलेक्टराचा वरिष्ठ पुण्याचा कमिशनर, अशी ती साखळी होती. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांत कमिशनरचा शब्द मोठा. त्या शब्दाचा भाव ठरू लागला, आणि पैसा पोचविण्याचे काम हणमंतराव राघवेंद्र जहागीरदार नावाचा मध्यस्थ करू लागला, असा बोभाटा झाला.

गव्हर्नर लॉर्ड रे याने चौकशीस हात घातला, हे त्याच्या धैर्याचे द्योतक म्हणावे लागेल. कारण गोऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध उघड चौकशी करणे हे त्या काळी साऱ्या गोऱ्या समाजाचा रोष ओढवून घेण्यासारखे होते. क्रॉफर्डला निलंबित करताच त्याने वेष पालटून पळून जाण्याचा यत्न केला, परंतु तो मुंबईत सापडला. हणमंतरावास शिक्षा होऊन तो तुरुंगात गेला. परंतु खुद्द कमिशनरविरुद्ध पुरावा आणावयाचा कोठून? लाच देणारे मामलेदार तोंड उघडल्यास स्वतःच गुन्हेगार ठरणार. तेव्हा पोलीस खात्याचे प्रमुख ओमनी यांच्यामार्फत सरकारने त्यांना अभय दिले : खरे सांगा, तुमच्या नोकरीस धक्का लागणार नाही. या वचनावर विसंबून अनेक मामलेदारांनी साक्षी दिल्या.

पुण्यास बसलेल्या तीन सदस्यांच्या कमिशनचे अध्यक्ष कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन हे होते. या कमिशनने लाचेचा आरोप सिद्ध होत नाही असे ठरविले. हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे काढल्याचा दोष तेवढा क्रॉफर्डच्या माथी आला, आणि १८८९ मध्ये तो नोकरीतून गेला. एवढ्यावर प्रकरण मिटावयाचे. पण खरी झुंज तेथून पुढे जुंपली. अँग्लो-इंडियन पत्रांनी आणि विलायतेतील काही पार्लमेंट सभासदांनी क्रॉफर्डचा विषय बाजूस सारला आणि मामलेदारांवर तोफ डागली. लाच दिल्याचे ज्यांनी स्वमुखाने कबूल केले ते मॅजिस्ट्रेट म्हणून न्यायासनावर बसतात कसे, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता, मात्र तो विचारणाऱ्यांना क्रॉफर्डविषयी असा राग कधी आला नव्हता. इकडे देशी पत्रे मामलेदारांच्या पाठीशी उभी राहिली. १ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात जाहीर सभा भरली आणि तीत टिळकांनी मामलेदारांची बाजू मांडली. दिलेले वचन सरकारने मोडू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आणि त्यासाठी त्यांनी इंग्लंडच्याच इतिहासातील लॉर्ड मॅक्लेसफील्डच्या खटल्याचा दाखला शोधून काढला होता. त्या खटल्यात पैसे देऊन पदे मिळविणाऱ्या साक्षीदारांना पार्लमेंटने कायद्याने अभय दिले होते. अखेर हिंदुस्थान सरकारला १८८९ मध्ये साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. ज्यांनी आपण होऊन बढतीसाठी पैसे मोजले होते, अशा काही मामलेदारांना मात्र घरी जावे लागले.

टिळकांचा मुद्दा न्यायाचा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वचन देऊन साक्ष काढावयाची आणि मग साक्षीदाराला बडतर्फ करावयाचे, अशाने पुढे कोणीही खरे बोलणार नाही. तरीपण दोन्ही बाजूंच्या लेखांत एक प्रश्न जवळजवळ सुटलेलाच दिसतो. मामलेदाराने कमिशनरला दिलेले पैसे आले कोठून? पगारातून ते भागण्यासारखे नव्हते. दौंड-मनमाड लोहमार्ग नुकता दहा वर्षांपूर्वी झालेला, १८७६-७८ च्या दुष्काळाची धग अद्याप गेलेली नाही, अशा त्या काळी आपल्या भागातील शेतकऱ्याची दैन्यावस्था कशी होती हे सांगणे नलगे. बदलीसाठी मोजलेला रुपया भरून काढावयाचा तर तो त्याच्याच चावडीवरून निघणार. गोऱ्या पत्रांना गोऱ्या साहेबाची अब्रू दिसली, देशी पत्रांना देशी अंमलदाराची नोकरी दिसली. कुळाच्या तळहातावरचा घट्टा कोणास दिसला नाही. अपवाद महात्मा फुले यांचा. सरकारी कामगारांच्या लाचखाऊपणाने शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात १८८३ सालीच, म्हणजे या प्रकरणाच्या पाच वर्षे आधी, लिहून ठेवले होते. काळाचा विनोद असा की मुंबईतील ज्या मंडईला क्रॉफर्डचे नाव होते ती आज अधिकृतपणे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते, आणि राहुरीचे कृषी विद्यापीठही त्यांच्याच नावाचे आहे.

स्वराज्य आल्यावर सत्तेची चावी अंमलदारांकडून लोकप्रतिनिधींकडे आली. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा व पंचायत समित्या निर्माण झाल्या आणि १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. त्यापूर्वीच विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, आणि राहुरीलाही पुढे कारखाना आला. शेतकऱ्याच्या पोरांना शाळा मिळाल्या, रस्ते झाले, मुळा धरणाचे पाणी आले. हे ऋण विसरून केवळ नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि जेथे ठेके, नेमणुका व कर्जे वाटली जातात तेथे अंतस्थाचा जुना देव नवे शेंदूर लावून बसतो, हाही अनुभव आला.

राज्याच्या पातळीवर त्याचे मोठे उदाहरण अंतुले प्रकरणाचे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना स्थापन झालेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि टंचाईच्या काळातील सिमेंटचे वाटप यांचा संबंध १९८१ च्या ऑगस्टअखेर वृत्तपत्रांतून उघडकीस आला. साखर कारखान्यांकडून आलेल्या देणग्यांचाही प्रश्न त्यात होता, म्हणून आपल्या जिल्ह्यात त्याची चर्चा अधिक झाली तर नवल नव्हे. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी प्रतिकूल निर्णय दिला व अंतुले यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पुन्हा पुन्हा जाऊन अखेर त्यांना शिक्षा झाली नाही. पुढे त्यांच्या भागातील मतदारांनी त्यांना लोकसभेवर अनेकदा निवडून दिले. कोकणात त्यांनी कामे केली हे खरे. मतदाराने एका पारड्यात कामे टाकली, आणि दुसऱ्या पारड्यात काय होते ते पाहिले नाही.

आता आपल्या जिल्ह्याचेच प्रकरण पाहू. राहुरीला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी येथील अण्णा हजारे यांनी १९९१ मध्ये भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन उभारले. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. अण्णांच्या आरोपांनंतर व उपोषणानंतर शशिकांत सुतार आणि महादेव शिवणकर या मंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढे समाजकल्याण मंत्री बबनराव घोलप यांच्या खात्याखालील महामंडळांच्या यंत्रमाग खरेदीवर त्यांनी १९९७ मध्ये बोट ठेवले. घोलपांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि ९ सप्टेंबर १९९८ रोजी मुंबईच्या न्यायालयाने तीन महिन्यांची साधी कैद देऊन अण्णांची रवानगी येरवड्यास केली.

त्या वेळच्या प्रतिक्रिया पाहण्यासारख्या आहेत. भाजप व शिवसेना वगळता बाकी साऱ्या पक्षांचे पुढारी अण्णांच्या पाठिंब्याला आले. शिवसेनाप्रमुखांनी अण्णांची जाहीर टिंगल केली. लोकक्षोभापुढे सरकारला त्यांची सुटका करावी लागली, आणि २७ एप्रिल १९९९ रोजी घोलपांनी राजीनामा दिला. विरोधी बाकांवरील मंडळींना त्या दिवसांत अण्णांच्या टोपीत साक्षात गांधीजी दिसत होते.

त्याच वर्षी सत्तांतर झाले. २००३ मध्ये अण्णांनी सुरेश जैन, नवाब मलिक, पद्मसिंह पाटील आणि विजयकुमार गावित या राष्ट्रवादी काँग्रेसच्या चार मंत्र्यांवर आरोप केले व ९ ऑगस्टपासून उपोषण आरंभले. आता पगड्या फिरल्या. ज्यांनी येरवड्याच्या वेळी गळा काढला होता त्यांतील अनेकांना अण्णा हेकट व कोणाच्या तरी हातचे बाहुले वाटू लागले. आणि ज्यांच्या राज्यात अण्णा तुरुंगात गेले ते विरोधी बाकांवरून त्यांच्या आरोपांचा आधार घेऊ लागले. माणूस तोच, गाव तेच, उपोषणाचे हत्यारही तेच; बदलले होते ते फक्त आरोपीच्या गाडीवरचे निशाण. मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा एकसदस्य आयोग नेमल्यावर १७ ऑगस्टला उपोषण सुटले.

सावंत आयोगाने २३ फेब्रुवारी २००५ रोजी अहवाल सादर केला. त्यात जैन, मलिक व पाटील यांच्यावर ठपका ठेवला होता. गावित यांना दोषमुक्त ठरविले होते. जैन व मलिक यांनी मार्च २००५ मध्ये मंत्रिपदे सोडली. परंतु आयोगापुढे अण्णांच्या संस्थांविरुद्धच्या तक्रारीही होत्या, आणि हिंद स्वराज ट्रस्टच्या पैशांतून अण्णांच्या वाढदिवसाच्या समारंभावर सुमारे २ लाख २० हजार रुपये खर्च झाले यावरही आयोगाने बोट ठेवले. त्या रकमेची मंत्र्यांवरील आरोपांशी बरोबरी होऊ शकत नाही, हे खरे. तरी सार्वजनिक पैसा तो सार्वजनिक पैसा, आणि न्यायमूर्तींनी तो हिशेबही मांडला. अहवाल एकच, परंतु मंत्र्यांच्या पाठीराख्यांनी ट्रस्टचे प्रकरण तेवढे वाचले आणि अण्णांच्या भक्तांनी ते पान उलटून टाकले.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांना हा इतिहास परका नाही. निवडून आलेल्या ज्ञातिबांधवाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात गैर काही नाही. ज्या समाजांना सभागृहाचे दार शतकानुशतके बंद होते त्यांना आपला माणूस आत गेल्याचा आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. प्रश्न उद्भवतो तो त्याच्यावर किटाळ आल्यावर. तेव्हा ‘हा अमुक ज्ञातीला खाली पाहावयास लावण्याचा डाव आहे’ असा ठराव महाराष्ट्रातील कोणत्या ना कोणत्या ज्ञातीच्या सभेत झाल्याशिवाय राहत नाही. कधी कधी डाव असतोही. दुर्बल समाजातील पुढाऱ्याला आधी पकडावयाचे आणि बलिष्ठाला सोडावयाचे, हे अगदीच घडत नाही असे नाही. परंतु तो डाव उघडा पाडावयाचा मार्ग कागद मागणे हा आहे. ठरावाच्या जोरावर निर्दोष ठरलेला माणूस त्या मामलेदारांसारखा असतो : त्याची नोकरी वाचते, आणि पैसे कोणाच्या खिशातून गेले हा प्रश्न तसाच राहतो. सत्काराचा हार आणि चौकशीची मागणी या दोन्ही गोष्टी एकाच संस्थेने करण्यास कोणत्याही घटनेची हरकत नसावी.

कागद मागण्याची सोयही याच झगड्यांतून झाली. अण्णांच्या व इतरांच्या आंदोलनांनंतर महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा प्रथम २००० मध्ये व सुधारून २००२ मध्ये आणला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. क्रॉफर्डच्या काळी जो कागद कमिशनरच्या पेटीत राहत असे, तो आज राहुरीच्या तहसील कचेरीत वा पंचायत समितीत अर्जावर १० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावून मागता येतो. उत्तरास सर्वसाधारणतः ३० दिवसांची मुदत आहे, आणि तो कशासाठी हवा याचे कारण अर्जदाराने सांगावे लागत नाही, मग कागद कोणत्याही पक्षाच्या वा कोणत्याही ज्ञातीच्या पुढाऱ्याविषयी असो.