मोनोक्लोनल प्रतिपिंडे, इस्ट्रोजेन ग्राही आणि मराठवाड्यातील एक तपासणी

१.
स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीच्या तपासणी अहवालात आज नांदेड-लातूरकडेही ‘ईआर पॉझिटिव्ह’ किंवा ‘ईआर निगेटिव्ह’ अशी एक ओळ असते. पुढील पाच ते दहा वर्षे संप्रेरकविरोधी गोळी घ्यायची की नाही, हे प्रामुख्याने त्या ओळीवर ठरते. तिच्यामागे शतकाहून मोठा इतिहास आहे. आजच्या धाग्यात तो क्रमाने पाहू.

२.
प्रारंभ १८९६ सालचा. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले : अंडाशय काढल्यानंतर स्तनाचा बळावलेला कर्करोग काही स्त्रियांमध्ये मागे हटतो. असे का व्हावे, हे सांगणे तेव्हा अशक्य होते. ‘हार्मोन’ हा शब्दच १९०५ साली रूढ होऊ लागला.

३.
कारणाचा माग शिकागो विद्यापीठात लागला. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एलवुड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्रोजेनला ट्रिटियम या किरणोत्सारी अणूची खूण लावली. हे संप्रेरक उंदराच्या सर्व शरीरात पसरले. परंतु गर्भाशयासारख्या मोजक्याच ऊतकांनी ते धरून ठेवले. तेथे त्याला पकडणारे एखादे प्रथिन असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. हाच ‘ग्राही’.

४.
मात्र ग्राही प्रत्यक्ष कोणालाही दिसत नव्हता. मोजता येत होती ती त्याला चिकटलेली किरणोत्सारिता. त्या मोजणीसाठी गाठीचा तुकडा काढताक्षणी गोठवावा लागे, दळून त्याचा अर्क करावा लागे, आणि महागडी यंत्रे लागत. जिल्ह्याच्या गावी असे काही घडणे शक्य नव्हते.

५.
दरम्यान १९६८ साली एक सिद्धान्त मान्यता पावला : ग्राही पेशीद्रवात वाट पाहत असतो आणि संप्रेरक मिळाले की केंद्रकात शिरतो. पुढची सुमारे पंधरा वर्षे पाठ्यपुस्तके हेच शिकवत राहिली.

६.
१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशीचा कर्करोगाच्या पेशीशी संकर घडवला. ही संकरित पेशी काचपात्रात अखंड वाढते आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड देत राहते. हेच मोनोक्लोनल प्रतिपिंड. ते रेणूचा एक ठरावीक भाग तेवढा ओळखते. १९८४ साली दोघांना नील्स येर्ने यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

७.
पेशी काचपात्रात वाढवण्याच्या विद्येचा पाया महाराष्ट्रात फार आधी घातला गेला होता. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी मुंबईत वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळवली. बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतकसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि संप्रेरके यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता.

८.
१९८० साली जेफ्री ग्रीन, जेन्सन आणि सहकाऱ्यांनी मानवी इस्ट्रोजेन ग्राहीविरुद्धची मोनोक्लोनल प्रतिपिंडे जाहीर केली. त्यासाठीचा ग्राही ‘एमसीएफ-७’ या पेशींतून वेगळा केला होता. या पेशी मूळच्या अमेरिकेतील एका कर्करोगग्रस्त जोगिणीच्या. तिच्या निधनानंतरही त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

९.
आता रचनेचा अभ्यास सुरू झाला. ही प्रतिपिंडे ग्राहीला संप्रेरकासह चिकटत आणि संप्रेरकाविनाही. याचा अर्थ त्यांच्या जागा संप्रेरकाच्या जागेहून निराळ्या होत्या. मग पाचक विकरांनी ग्राहीचे तुकडे करून कोणते प्रतिपिंड कोणत्या तुकड्यावर बसते, ते पाहिले गेले. संप्रेरक धरणारा भाग वेगळा आणि डीएनएला बिलगणारा भाग वेगळा, असा नकाशा त्यातून आकारास आला.

१०.
१९८४ साली याच प्रतिपिंडांनी जुना सिद्धान्त मोडला. किंग आणि ग्रीन यांनी पेशींवर ती वापरली, तेव्हा संप्रेरक नसतानाही रंग केंद्रकातच दिसला. पेशीद्रवातला ग्राही बहुधा पेशी दळताना केंद्रकातून सांडलेला होता! तपासणीच्या पद्धतीनेच चूक निर्माण केली होती.

११.
पुढे ग्राहीचे जनुक हुडकण्यासाठीही ही प्रतिपिंडे उपयोगी पडली. १९८६ पर्यंत ५९५ अमिनो आम्लांची संपूर्ण साखळी वाचली गेली. १९९७ साली संप्रेरक धरणाऱ्या भागाची त्रिमितीय रचना स्फटिकांतून उलगडली.

१२.
रुग्णासाठी मोठा बदल १९९१ नंतर झाला. फॉर्मालिनमध्ये प्रथिने एकमेकांत गुंततात आणि प्रतिपिंडाला आपली जागा सापडत नाही. ऊतकाचे काप उष्णता देऊन तापवले की ती जागा पुन्हा उघडी होते, हे त्या वर्षी दाखवले गेले. मेणाच्या ठोकळ्यातील ऊतकावर चाचणी शक्य झाली. गोठवण्याची गरज संपली. ठोकळा टपालानेही मुंबईस धाडता येऊ लागला.

१३.
तरीही एक कोडे राहिले. टाटा रुग्णालयाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या ७९८ गाठींच्या अभ्यासात इस्ट्रोजेन ग्राही सुमारे एक तृतीयांश गाठींतच आढळला. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण बरेच अधिक होते. त्याच रुग्णालयाच्या २००९च्या आढाव्यात मात्र संप्रेरक ग्राही निम्म्याहून अधिक गाठींत दिसले. आपल्याकडील रुग्णांचे कमी वय हे तफावतीचे एक कारण. ऊतक नीट न जपले जाणे हे दुसरे.

१४.
येथे नांदेड-लातूरचा प्रश्न येतो. शस्त्रक्रिया एका गावी आणि तपासणी दूरच्या शहरी, असे जेथे घडते, तेथे बाटलीतील फॉर्मालिनला मोल येते. २०१० सालच्या अमेरिकी निकषांनुसार ऊतक तासाभरात फॉर्मालिनमध्ये जावे, त्यात ६ ते ७२ तास राहावे, आणि १ टक्का पेशींनी रंग घेतला तरी गाठ पॉझिटिव्ह मानावी. मोठी गाठ न चिरता तशीच बुडवली, तर आतवर फॉर्मालिन पोहोचण्याआधीच प्रथिने विघटित होऊ लागतात. प्रतिपिंडाला ओळखण्याजोगा आकारच उरत नाही आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. जिला गोळीने लाभ झाला असता, तिला ती दिलीच जात नाही.

१५.
१९६८चा सिद्धान्त आणि २०००चा आकडा, दोहोंतून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावा असा धडा एकच आहे : पुरावा मिळाला की तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे आधी विचारावे. घरातील कोणाचा असा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला आणि शंका असेल, तर मेणाचा ठोकळा मागून घेऊन फेरतपासणी करता येते. ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो.