पेटीत न सापडलेलं मृत्युपत्र

एडवर्ड सग्डेन हा लंडनमधल्या एका न्हाव्याचा मुलगा. वकिली शिकला, मालमत्तेच्या कायद्यात त्याचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला आणि १८५२ मध्ये तो ब्रिटनचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचा प्रमुख झाला. लॉर्ड सेंट लेनर्ड्स ही उमरावकी मिळाली. सामान्य माणसाला मालमत्तेचा कायदा कळावा म्हणून त्याने १८५८ मध्ये एक छोटं पुस्तकही लिहिलं. अशा माणसाचं स्वतःचं मृत्युपत्र हरवावं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जानेवारी १८७५ मध्ये तो वारला तेव्हा वय ९३ होतं. त्याची पेटी उघडली. मृत्युपत्राला वेळोवेळी जोडलेल्या आठ पुरवण्या आत होत्या. १८७० साली केलेलं मूळ मृत्युपत्र मात्र नव्हतं.

इथे कायद्याचं एक गृहीतक आडवं येतं. मृत्युपत्र शेवटपर्यंत करणाऱ्याच्याच ताब्यात असेल आणि मृत्यूनंतर सापडत नसेल, तर त्यानेच ते रद्द करण्यासाठी फाडलं असं मानायचं. तसं मानलं असतं तर इंग्लंडच्या तेव्हाच्या वारसा-नियमाने जमीनजुमला उमरावकीचा वारस असलेल्या नातवाकडे गेला असता. बापाजवळ राहून, त्याची लेखनिक होऊन आयुष्य काढलेल्या शार्लट या मुलीसाठी त्याने ठरवलेलं सगळं पुसलं गेलं असतं.

मग शार्लटने एक विलक्षण गोष्ट केली. आठवेल तसा मृत्युपत्राचा मजकूर तिने लिहून काढला. वडील त्याबद्दल तिच्याशी वर्षानुवर्षं बोलत आले होते, त्यामुळे तिला तो जवळपास पाठच होता. प्रकरण न्यायालयात गेलं. मृत्युपत्र खरं असल्याची न्यायालयाने उमटवलेली मोहर म्हणजे प्रोबेट. ती आता कागदावर नव्हे, एका मुलीच्या आठवणीवर मागितली जात होती, आणि त्या आठवणीतून फायदा तिचाच होणार होता.

प्रोबेट मिळालं. १८७६ मध्ये अपील न्यायालयानेही ते कायम ठेवलं. न्यायमूर्तींचा तर्क मला फार आवडतो. जन्मभर कागद जपणारा हा माणूस मूळ दस्तऐवज फाडून त्याच्या आठ पुरवण्या नीट ठेवून देईल का? शिवाय त्या पेटीपर्यंत इतरांचा हात पोचणं अशक्य नव्हतं. सगळं आठवत नसलं तरी जेवढं सिद्ध झालं तेवढ्यावर प्रोबेट देता येतं, असंही न्यायालयाने म्हटलं. म्हणजे शार्लट एकटी उभी नव्हती; वडिलांचा स्वभाव आणि त्या पुरवण्या तिच्या बाजूने बोलत होत्या.

पण हा रस्ता रुंद नाही. १८८६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर हरवलेल्या मृत्युपत्राचा दुसरा खटला आला. तिथे पुरावा अपुरा ठरला आणि सेंट लेनर्ड्सच्या निकालातल्या काही भागाबद्दल शंकाही व्यक्त झाल्या.

आपल्याशी याचा संबंध थेट आहे. सेंट लेनर्ड्सने मृत्युपत्र केलं त्याच १८७० साली ‘हिंदू विल्स अ‍ॅक्ट’ आला आणि मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना इंग्रजी वळणाचे नियम लागू झाले. आजच्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातही तीच गाठ आहे. कलम २३७ सांगतं की मूळ मृत्युपत्र मृत्यूनंतर गहाळ झालं, किंवा करणाऱ्याने स्वतः नव्हे तर अपघाताने वा दुसऱ्या कुणाच्या गैरकृत्याने नष्ट झालं, आणि त्याची नक्कल किंवा मसुदा शिल्लक असेल, तर मूळ सापडेपर्यंत त्यावर प्रोबेट मिळू शकतं. नक्कलही नसेल तर कलम २३८: मजकूर पुराव्याने सिद्ध करा.

मी स्वतःला विचारून पाहिलं: आईच्या मृत्युपत्रातली किती वाक्यं मला न्यायाधीशासमोर सांगता येतील? एकही नाही. आपल्या घरांत हा विषय काढला की ‘अशुभ बोलू नकोस’ म्हणून गप्प बसवतात. आणि पुढे न्यायालय विचारणार ते नेमकं हेच: ते काय बोलायचे, कुणासमोर बोलायचे, कागद कुठे ठेवायचे, साक्षीदार कोण होते?

मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवाच. नक्कल म्हणून तो कामी येऊ शकतो. पण सही करताना समोर असलेल्या दोन साक्षीदारांची नावं, पत्ते आणि मूळ कागदाची जागाही विचारून घ्या. शार्लटचे वडील तिच्याशी बोलत असत, म्हणून तिच्यापाशी सांगण्यासारखं काही होतं.