जांभळ्या रेघेची वाटचाल

लंडन शहराच्या पोटातून पूर्व-पश्चिम अशा मोठ्या रेल्वेगाड्या न्याव्यात, हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून नगररचनाकारांच्या कागदांवर होता. १९७४ च्या लंडन रेल्वे अभ्यासात त्याला ‘क्रॉसरेल’ या नावाने आकार आला आणि १९८९ च्या अभ्यासाने त्याला पुन्हा उचलून धरले. १९९१ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक १९९४ मध्ये समितीपुढे नामंजूर झाले. २००१ मध्ये या कामासाठी स्वतंत्र कंपनी उभी राहिली, २२ जुलै २००८ रोजी क्रॉसरेल कायद्यावर राजमुद्रा उमटली आणि मे २००९ मध्ये कॅनरी वॉर्फच्या गोदीत पहिले काम सुरू झाले. पुढे आठ यंत्रांनी मिळून ४२ किलोमीटरची भुयारे खोदली. या अभियांत्रिकीची कथा अनेकांनी सांगितली आहे. तिच्याच बरोबरीने आणखी एक काम चालू होते: या मार्गाला नाव देण्याचे, रंग ठरवण्याचे आणि पहिल्यांदाच पाय ठेवणाऱ्या प्रवाशाला फलाटापर्यंत व तिथून रस्त्यापर्यंत न चुकता नेणाऱ्या पाट्या लावण्याचे. त्या कामाचाही इतिहास नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

या कामामागे शंभर वर्षांची पुण्याई होती. लंडनच्या भुयारी रेल्वेने १९०८ मध्ये स्थानकांची नावे लाल चकतीवरच्या निळ्या पट्टीत लिहायला सुरुवात केली. जाहिरातींच्या गर्दीत स्थानकाचे नाव हरवू नये, हा त्यामागचा साधा हेतू. पुढे चकतीचे कडे झाले आणि ‘राउंडेल’ ही शहराची ओळख बनली. फ्रँक पिक या द्रष्ट्या प्रशासकाने एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडून खास अक्षरे घडवून घेतली. ती १९१६ पासून वापरात आली. १९३३ मध्ये हॅरी बेक या आरेखकाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्याने भूगोलाचे अंतर बाजूला ठेवले आणि मार्ग सरळ रेघांत व ४५ अंशांच्या कोनांत बसवले. चिन्ह, अक्षर आणि नकाशा या तिन्ही गोष्टींची शिस्त एवढी घट्ट बसली होती, की नवा मार्ग आला तर त्याला तीत सामावून घ्यायचे कसे, हाच मोठा प्रश्न होता. कोऱ्या पाटीवर लिहिणे त्या मानाने सोपे असते.

अडचणींची सुरुवात मार्ग सुरू होण्याच्या सात वर्षे आधीच झाली. ३१ मे २०१५ रोजी ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, म्हणजे टीएफएल, या संस्थेने लिव्हरपूल स्ट्रीट ते शेनफिल्ड ही जुनी उपनगरी सेवा ताब्यात घेतली. भुयारे अजून तयार नव्हती, त्यामुळे नव्या मार्गाचे नाव वापरता येत नव्हते. जुन्या कंपनीची ओळखही ठेवता येत नव्हती. म्हणून ‘टीएफएल रेल’ हे तात्पुरते नाव आणि निळे चिन्ह वापरात आले. मे २०१८ मध्ये पॅडिंग्टन ते हीथ्रो आणि डिसेंबर २०१९ मध्ये थेट रेडिंगपर्यंतची सेवा याच नावाखाली आली. तीन-चार वर्षांसाठी योजलेले हे नाव प्रत्यक्षात जवळजवळ सात वर्षे टिकले. त्या काळात पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या प्रवाशांनी ते निमूटपणे आपलेसे केले, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा करायला हवी.

२३ फेब्रुवारी २०१६ रोजी राणी एलिझाबेथ द्वितीय यांनी बाँड स्ट्रीटच्या बांधकामाला भेट दिली, आणि मार्गाचे नाव ‘एलिझाबेथ लाइन’ असेल असे त्या दिवशी जाहीर झाले. जांभळे कडे आणि निळी पट्टी असलेले चिन्हही तेव्हाच लोकांपुढे आले. लंडनला राजघराण्याशी जोडलेली मार्गनावे नवी नव्हती. व्हिक्टोरिया आणि ज्युबिली हे मार्ग होतेच, आणि ज्युबिलीचे तर आधी ठरलेले ‘फ्लीट’ हे नाव बदलले गेले होते. या खेपेला पेच निराळा होता. भुयारी रेल्वेच्या सगळ्या मार्गांना मिळून एकच लाल-निळे चिन्ह आहे. नकाशावर त्यांचे रंग वेगळे असले तरी स्थानकाच्या दारावर चिन्ह एकच. एलिझाबेथ लाइन मात्र भुयारी रेल्वेचा भाग नव्हती. तिच्या गाड्या मोठ्या, तिची टोके शहराबाहेर दूरवर, तिचे रूळ अर्ध्याअधिक वाटेवर राष्ट्रीय रेल्वेचे. तेव्हा ती नावाने एक मार्ग आणि व्यवस्थेने एक स्वतंत्र सेवा ठरली, आणि तिला स्वतःचे चिन्ह मिळाले. नकाशावरही ती भरीव रेघेने दाखवली नाही. मध्ये पांढरी पोकळी असलेली जांभळी दुहेरी रेघ तिच्या वाट्याला आली. हा निर्णय अचूक होता. चाणाक्ष प्रवाशाला त्या एका रेघेवरून कळते, की ही गाडी जाळ्यातली असूनही जातीने वेगळी आहे.

त्याच वर्षी मोनोटाइप या अक्षरसंस्थेने जॉन्स्टनच्या अक्षरांना ‘जॉन्स्टन १००’ हे नवे रूप दिले. पडद्यांवर वाचता यावीत आणि मूळची ऐट परत यावी, असा दुहेरी हेतू होता. नव्या मार्गाच्या पाट्यांना ही अक्षरे वेळेवर मिळाली.

स्थानकांच्या आतली रचना ग्रिमशॉ या वास्तुसंस्थेकडे होती. तिच्याबरोबर मेनार्ड, इक्वेशन आणि अ‍ॅटकिन्स या संस्थांचे हात लागले होते. फिकट रंगाच्या, काचतंतूंनी बळकट केलेल्या काँक्रीटच्या वळणदार भिंती शक्यतो मोकळ्या ठेवायच्या आणि दिवे, दिशादर्शक फलक, ध्वनिवर्धक यांना एकत्र घेणारे खांब मोक्याच्या जागी उभे करायचे, अशी त्यांची योजना. बोगद्यांच्या वळणांवर माणूस क्षणभर थांबतो, मान वर करतो आणि दिशा शोधतो. नेमक्या त्या जागी हा खांब उभा असतो. उजेडाकडे डोळे आपसूक वळतात, आणि उजेडातच पाटी असते. फलाटांवर आणखी एक बदल करावा लागला. जुन्या भुयारी स्थानकांत रुळांपलीकडच्या भिंतीवर स्थानकाचे नाव दिसते. इथल्या आठ भुयारी स्थानकांत फलाटाच्या कडेला छतापर्यंत काचेची दारे आहेत. पलीकडच्या भिंतीचा उपयोगच उरला नाही. त्यामुळे नाव, गाडीची दिशा आणि येण्याची वेळ हे सारे दारांच्या वरच्या पट्टीत आणावे लागले.

सगळ्यात कठीण प्रश्न स्थानकांच्या लांबीने निर्माण केला. नऊ डब्यांची गाडी सुमारे २०५ मीटरची, फलाट त्याहून लांब. फॅरिंग्डनच्या फलाटाचे एक टोक वर येते ते बार्बिकनजवळ, आणि लिव्हरपूल स्ट्रीटचे दुसरे टोक मूरगेटला मिळते. एका फलाटावर उतरलेले दोन प्रवासी विरुद्ध दिशांनी चालत गेले, तर दोन वेगवेगळ्या वस्त्यांत बाहेर पडतात. साधा ‘बाहेर’ असा बाण इथे पुरा पडत नाही. कोणत्या टोकाने कोणता रस्ता आणि कोणती जोडगाडी, हे फलाटावरच सांगावे लागते. फलाटांना क्रमांकही देता येईनात, कारण त्याच स्थानकांत भुयारी रेल्वेचे आणि राष्ट्रीय रेल्वेचे क्रमांक आधीपासून होते. मध्य भागातल्या भुयारी फलाटांना म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ अशी अक्षरे मिळाली. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना एकेकाळी तेच ते क्रमांक असत, आणि ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले, हे आठवले की या अक्षरांचे मोल मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही.

मार्ग डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा होता. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी तो लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले. गाड्यांच्या संगणकप्रणाली आणि तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणा यांचा मेळ बसत नव्हता, स्थानकांची कामेही मागे होती. खर्चाचा अंदाज १४.८ अब्ज पौंडांवरून वाढत अखेर सुमारे १८.९ अब्जांवर गेला. पाट्यांच्या कामाला हा मोठा तडाखा होता. नव्या मार्गाचा उल्लेख असलेले काही फलक छापून, बसवूनही झाले होते. त्यांच्यावर आवरणे चढवावी लागली. नवा मार्ग जिथे जिथे जुन्यांना छेदतो, त्या प्रत्येक जुन्या मार्गाच्या डब्यातली पट्टी, प्रत्येक ध्वनिमुद्रित सूचना, प्रत्येक स्थानकातला नकाशा बदलायचा होता, आणि तो बदल एकाच रात्रीत दिसायला हवा होता. तारीख सरकली की ही सारी तयारी सरकत होती. क्रॉसरेलचे मुख्य कार्यकारी अधिकारी मार्क वाइल्ड यांच्या नेतृत्वाखाली कामाची घडी नव्याने बसली आणि मे २०२१ मध्ये चाचणीच्या गाड्या धावू लागल्या. झाकलेल्या पाट्या सांभाळत, तारखांमागून तारखा पाहत काम चालू ठेवणाऱ्या शेकडो कर्मचाऱ्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत.

याच काळात एक आनंदाची घटना घडली. मार्च २०२२ मध्ये व्हाइटचॅपल स्थानकाच्या प्रवेशद्वारावर आणि आत बंगाली अक्षरांत नावे लागली. पूर्व लंडनच्या त्या वस्तीत बंगाली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि टॉवर हॅम्लेट्सच्या स्थानिक परिषदेने या कामाचा भार उचलला. मार्गाच्या पश्चिम बाजूला साउथॉलच्या फलाटावर गुरुमुखी पाटी आधीपासूनच होती. एवढ्या काटेकोर रचनेत आपल्या शेजाऱ्यांची लिपी जागा मिळवते, ही या मार्गाची अभिमानाने सांगण्याजोगी बाजू आहे.

१७ मे २०२२ रोजी राणींनी पॅडिंग्टन स्थानकाला अनपेक्षित भेट देऊन नामफलकाचे अनावरण केले. २४ मे रोजी सकाळी ६ वाजून ३३ मिनिटांनी पॅडिंग्टनहून पहिली गाडी ॲबी वुडकडे निघाली. ‘टीएफएल रेल’ हे नाव त्या दिवसापासून इतिहासजमा झाले. उद्घाटनाच्या दिवशी मार्ग मात्र तीन तुकड्यांत होता. रेडिंग-हीथ्रोच्या गाड्या पॅडिंग्टनच्या जुन्या, वरच्या स्थानकात थांबत, शेनफिल्डच्या लिव्हरपूल स्ट्रीटच्या वरच्या फलाटांवर, आणि मधली सेवा जमिनीखाली. तिन्हींचे नाव एक, रंग एक. त्यामुळे ‘एलिझाबेथ लाइन’ची पाटी पाहून त्याच लाइनसाठी एलिझाबेथ लाइनमधून उतरून चालत जायचे, असा प्रसंग प्रवाशांवर आला. तिथे नुसते नाव लिहून भागत नव्हते. कोणत्या गावाच्या दिशेची गाडी हे ठळकपणे लिहावे लागले आणि पाटीपाशी माणसेही उभी करावी लागली. बाँड स्ट्रीट तर तयारच नव्हते. गाड्या तिथे न थांबता पुढे जात. ते स्थानक २४ ऑक्टोबरला उघडले. ६ नोव्हेंबर २०२२ पासून गाड्या बाहेरच्या मार्गांवरून थेट भुयारात जाऊ लागल्या आणि २१ मे २०२३ पासून पूर्ण वेळापत्रक लागू झाले. नकाशावरची सलग रेघ तेव्हा कुठे प्रत्यक्षात सलग झाली.

पश्चिम टोकाला आजही तडजोडी आहेत. रेडिंग, मेडनहेड, स्लाऊ ही स्थानके इतरांच्या व्यवस्थापनात आहेत. तिथे जांभळे चिन्ह पाहुण्यासारखे राहते. रेडिंगच्या वाटेवर टीएफएलचे ऑइस्टर हे प्रवासकार्ड वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालते, पुढे बँकेचे कार्ड किंवा तिकीट लागते, आणि ही सीमा पाट्यांनी वेळेत सांगितली नाही तर प्रवाशाला भुर्दंड बसतो. हीथ्रोला त्याच रुळांवर महागडी हीथ्रो एक्सप्रेस धावते, शिवाय पिकॅडिली लाइनही आहे. तिथल्या पाट्यांना तिन्ही पर्याय न गोंधळवता मांडावे लागतात.

कामाच्या दिवशी सुमारे ७ लाख प्रवास या मार्गावर होतात. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी ब्रिटिश वास्तुकलेतील मानाचा स्टर्लिंग पुरस्कार एलिझाबेथ लाइनला मिळाला. एखाद्या सुट्या इमारतीऐवजी संपूर्ण मार्गाच्या एकसंध रचनेचा, त्यात पाट्यांचाही, तो गौरव होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून लंडन ओव्हरग्राउंडच्या सहा मार्गांना स्वतंत्र नावे आणि रंग मिळू लागले, आणि दुहेरी रेघांची रीत तिथेही वापरली गेली. मे २०२५ मध्ये गाड्या चालवणारी कंपनी बदलली. चिन्ह, नाव आणि अक्षरे टीएफएलची असल्याने प्रवाशांना पाट्यांत काहीही बदललेले दिसले नाही. पॅडिंग्टनच्या पश्चिमेला ओल्ड ओक कॉमन येथे नव्या स्थानकाचे बांधकाम सुरू आहे. ते उघडेल तेव्हा ४१ स्थानकांच्या यादीत बेचाळिसावे नाव येईल आणि प्रत्येक डब्यातली, प्रत्येक फलाटावरची जांभळी पट्टी पुन्हा एकदा नव्याने छापावी लागेल.