साबण पोर्तुगिजांचा नव्हे

शाळेत पाठ करून घेतलेल्या पोर्तुगीज शब्दांच्या यादीत बटाटा, पाव, पगार, चावी यांच्याबरोबर साबण हटकून असतो. पोर्तुगीज भाषेत साबणाला ‘सबाँव’ म्हणतात, पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, तेव्हा शब्दही त्यांचाच, असा हा हिशेब. तो मला मुळीच मान्य नाही.

त्याच यादीतला पाव पाहा. पोर्तुगीज ‘पाँव’चा आपण पाव केला, ‘लेइलाँव’चा लिलाव. ‘सबाँव’ याच वाटेने आला असता तर आपण वाण्याकडे ‘साबाव’ मागितला असता. हा ण कुठून आला? कोणी कप्तान पुढे करील. पण त्याच्यामागे इंग्रजी कॅप्टनही उभा असल्याने ती साक्ष कच्ची. उलट अरबी-फारसी ‘साबून’मध्ये न तयारच आहे, आणि अशा न-चा ण करणे मराठी जिभेला अवघड नाही, इंग्रजी बटनाचे आपण बटण केलेच.

त्याहून भक्कम पुरावा पंजाबात आहे. गुरू नानकांच्या जपुजीत मळलेले कपडे साबणाने धुण्याचा दृष्टान्त येतो, आणि तिथला शब्द आहे ‘साबूण’, चक्क ण-सकट! नानक १५३९ मध्ये रावीकाठी कर्तारपूरला निवर्तले. दृष्टान्त ऐकणाऱ्याच्या रोजच्या वापरातलाच द्यावा लागतो. इतका मुरलेला शब्द गोव्याच्या किनाऱ्यावरून त्या अवधीत रावीपर्यंत पोचला, असे मानायचे कशाच्या जोरावर? फारसी तर तिथे कित्येक शतके नांदत होती.

मग साम्य का? दोन्ही शब्द लॅटिन ‘सापो’चे वंशज आहेत. रोमजवळच्या सापो नावाच्या डोंगराची कथा सांगतात, तिला प्राचीन ग्रंथांत आधार नाही. शब्द मुळात उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांतला. इ. स. ७९ मध्ये वारलेला प्लिनी सापोला गॉल लोकांची युक्ती म्हणतो: चरबी आणि राख, त्यातही बकऱ्याची चरबी आणि बीच झाडाची राख उत्तम. उपयोग मात्र केस तांबडे करण्याचा, आणि जर्मन लोकांत तो बायकांपेक्षा पुरुषच अधिक करतात, अशी त्याची नोंद! पुढे हा शब्द ग्रीकमध्ये ‘सापोन’ झाला आणि पूर्वेकडे सरकत अरबीत ‘साबून’. अरबीत प नाही, म्हणून तिथे ब आला. पोर्तुगीजमधला ब वेगळा. लॅटिन ‘सापेरे’चे, म्हणजे जाणण्याचे, तिथे ‘सबेर’ झाले, त्याच नियमाने ‘सापो’तल्या प-चाही ब झाला.