पानिपत आणि थट्टा

गंभीर विषयाच्या चर्चेत विनोदाला स्थान असावे की नसावे, हा वाद जुनाच आहे. परप्रांती नोकरी करणारी मराठी माणसे एकत्र जमली आणि इतिहासाची गोष्ट निघाली, की तो हमखास नव्याने उपस्थित होतो. एखादे अभ्यासू गृहस्थ अब्दालीच्या हालचाली समजावून सांगत असतात आणि दुसरे कोणी हळूच एक कोटी करतात. काही जण हसतात, काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. हल्ली ही कोटी भ्रमणध्वनीवर चित्ररूपाने फिरते आणि तिला ‘मीम’ असे नाव मिळाले आहे. नाव नवे, वस्तू जुनी. तिचा न्यायनिवाडा करावयाचा तर काला अंबाइतके योग्य ठिकाण दुसरे नाही, असे आम्हांस वाटते.

पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरांवर हे स्थान आहे. रक्ताने भिजलेल्या भूमीमुळे येथील आंब्याची फळे काळसर झाली, अशी लोककथा आहे. तो वृक्ष आज नाही. त्या जागी स्मारकस्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव या रणात पडले. इब्राहीमखान गारदी कैद होऊन मागाहून मारला गेला. सामान्य शिपायांची तर गणतीच झाली नाही. अशा जागी थट्टेचा शब्द उच्चारू नये, असे म्हणणाऱ्यांची भावना आम्ही जाणतो.

परंतु मराठी भाषेने काय केले ते पाहावे. पराभवाची वार्ता पेशव्यांना कळली ती सावकारी सांकेतिक पत्रावरून, असे सांगतात. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याचा हिशेबच नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. मोहरांचा आकडा निरनिराळा दिला जातो. पण मोती कोण, मोहरा कोण आणि खुर्दा कोण, हे सर्वांना समजले. जे उघड बोलवत नव्हते ते आडवळणाने बोलले गेले. पुढे विश्वासरावांच्या नावावर श्लेष झाला आणि ‘विश्वास पानिपतात गेला’ ही म्हण घरोघर पोचली. ज्याच्यावर ती रचली गेली तो तरुण वयाची विशीही ओलांडू शकला नव्हता. त्याच्या पित्याने, नानासाहेबांनी, २३ जून १७६१ रोजी पुण्यास पर्वतीवर देह ठेवला. भाऊंच्या नावावरून ‘भाऊगर्दी’ हा शब्द रूढ झाला आणि आज तो आपण लग्नाच्या पंगतीलाही बिनदिक्कत लावतो. ज्यांनी एकही बखर उघडली नाही, त्यांच्या तोंडी या कोट्यांनी पानिपत जिवंत ठेवले. हे विनोदाचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

आता दुसरी बाजू. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतातूनच आला, असे छातीठोकपणे सांगितले जाते. परंतु मकरसंक्रांत सुमारे ७० ते ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. त्या हिशेबाने १७६१ साली ती १४ जानेवारीच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. शिवाय संक्रांतिदेवीची दृष्टी अनिष्ट, ही समजूत पंचांगात स्वतंत्रपणे आहेच. सुटसुटीत बोल लोकांना आवडला, आणि पंचांग उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

तीच गत दत्ताजी शिंद्यांच्या उद्गाराची. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर जखमी होऊन पडलेल्या त्या वीराच्या तोंडचे म्हणून प्रसिद्ध असलेले ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे शब्द आज टिपण त्रुटी काढून परत आले की कचेरीत ऐकू येतात. बोलणाऱ्याला बुराडी दिल्लीतच आहे, हेही पुष्कळदा ठाऊक नसते.

सर्वांत मोठी हानी ‘पानिपत झाले’ या शब्दांनी केली आहे. निवडणूक हरली, क्रिकेटचा सामना गेला, की मथळा तयार! या मथळ्यात उपासमार दिसत नाही. नोव्हेंबर १७६० पासून दोन महिन्यांहून अधिक काळ फौज पानिपतात अडकली होती; डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशा मावळली. बुणगे, यात्रेकरू आणि बायकामुले यांसह ती छावणी उपाशी होती. तसेच, पानिपत म्हणजे कायमचा शेवट, हा त्या शब्दांचा ध्वनीही खोटा आहे. फेब्रुवारी १७७१ मध्ये महादजी शिंद्यांच्या पुढाकाराने मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली.

म्हणून आमचे मत असे की, विनोदाला बैठकीतून घालवू नये, पण उत्तराच्या आसनावर बसवू नये. कोटी करणाऱ्याला तिच्यामागची हकीकत सांगता आली पाहिजे. नवख्याने प्रश्न विचारला आणि त्याच्या पदरी केवळ हशा पडला, तर तो पुन्हा विचारावयास येत नाही. दिल्लीत वाढणारी आमची मुले हे नवखेच आहेत. त्यांना पानिपत प्रथम भेटते ते थट्टेतूनच. दर १४ जानेवारीस काला अंब येथे महाराष्ट्रातून लोक येतात, हरियाणातील रोड मराठा बांधव जमतात. तेथे मुलांना अवश्य न्यावे. वाटेत ‘विश्वास पानिपतात गेला’ ही कोटी सांगावी, त्यांना हसू द्यावे, आणि मग तो विश्वास कोण होता हे सांगण्याचा कंटाळा करू नये.